हस्तलिखितावरचं पत्र

मंडळी, ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात लिहिणाऱ्यांना तोटा नाही. २०१० ला ठाण्यात आणि २०१७ ला डोंबिवलीत साहित्य संमेलन झालं, ते काही उगाच नाही. आम्ही तिघं-चौघं एका प्रकाशकासाठी हस्तलिखितं वाचतो. प्रत्येकावर एक पत्र असतं. आज त्या पत्राबद्दलच बोलायचंय, कारण तेही लेखनच.

इंग्रजीत मध्ये एजंट असतो. आपल्याकडे लेखक बहुधा थेट प्रकाशकालाच लिहितो आणि ओळख म्हणून सांगतो, 'माझे साहित्य विविध दिवाळी अंकांतून प्रसिद्ध आहे.' विविध म्हणजे कोणते? सांगा ना!

एके काळी 'सत्यकथेत कथा आलीय' एवढं पुरायचं. त्यामागे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांचं वाचन होतं. कथा सूचनांसह परत यायची, लेखक पुन्हा लिहायला बसायचा. त्या एका उल्लेखातून समोरच्याला कळायचं, की हे कुणीतरी बारकाईनं वाचलंय. १९८२ साली सत्यकथा बंद झाली, पण नावांच्या यादीवर विसंबायची आपली सवय गेली नाही.

अर्थात त्या शिक्क्याचाही जाच होता. १९६९ मध्ये राजा ढाले आणि मित्रांनी सत्यकथेची होळी केली. एकाच अभिरुचीनं सगळ्यांना का मोजायचं, हा राग त्यात होता. आणि 'कोसला' आठवा. १९६३ ला देशमुख आणि कंपनीनं ती काढली, तेव्हा कादंबरीकार म्हणून नेमाड्यांचं नाव कुठे होतं?

तेव्हा आमचं म्हणणं असं, की जिथे संपादकानं निवडून छापलं तेवढीच दोन-तीन नावं द्या, वर्षासकट. पदरचे पैसे घालून संग्रह काढला असेल तर तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा कसला? याच हस्तलिखितातला भाग आधी कुठे छापून आला असेल, तर तो मात्र सांगायलाच हवा. पुढे हक्कांचा घोळ होतो.

आणि काहीच छापलेलं नसेल तर? मागे कल्याणहून तीन ओळींचं पत्र आलं. कादंबरी कशावर, किती पानं, पत्ता. बास. त्याच दिवशी दुसरं आलं, सत्तावीस अंकांच्या यादीसह. कबूल करतो, आम्ही यादीवालं आधी उघडलं. चौथ्या पानावर थांबलो. कल्याणचं हस्तलिखित दोन महिने गठ्ठ्याच्या तळाशीच राहिलं. ते वाचलं तेव्हा आमच्यात त्यावर वाद झाला नाही. लेखिकेला फोन केला, तर तिनं ते तोवर दुसरीकडे दिलं होतं.