तिठ्यावरचे ज्ञान

काही वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय सामान्यज्ञान स्पर्धेत प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे होते. प्रश्न मीच काढले होते, कार्डांवर मीच लिहिले होते. अंतिम फेरीत आठवीतल्या एका मुलीला मी विचारले, "दक्षिण आफ्रिकेची राजधानी कोणती?" तिने मान वर करून विचारले, "सर, कोणती सांगू?" मला वाटले, वेळ काढते आहे. "एकच उत्तर द्यायचे," मी म्हणालो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "केप टाऊन." कार्डावर 'प्रिटोरिया' होते. मी "चूक" म्हटले, प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, त्यांनी 'प्रिटोरिया' सांगून गुण घेतले, टाळ्या झाल्या. मुलीच्या शाळेचा दुसरा क्रमांक आला आणि तो नेमका तेवढ्याच गुणांनी आला.

रात्री घरी येऊन पुस्तक उघडले. दक्षिण आफ्रिकेचे सरकार प्रिटोरियात बसते, संसद केप टाऊनला भरते आणि अपिलांचे सर्वोच्च न्यायालय ब्लोमफाँटेनला आहे. १९१० साली चार वसाहतींचे एक राज्य झाले तेव्हा राजधानीवरून भांडण लागले आणि ते मिटवण्यासाठी सत्तेचे असे वाटे घातले गेले. त्या देशाच्या आजच्या राज्यघटनेत संसदेची जागा म्हणून केप टाऊनचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे त्या खोलीत हा प्रश्न नीट समजलेली एकच व्यक्ती होती आणि तिला मी शून्य दिले होते.

हा लेख म्हणजे त्या कार्डाची समीक्षा आहे. कादंबरीची होते, कवितेची होते. मग मराठीत सर्वांत जास्त खपणाऱ्या पुस्तकांतला एक प्रकार, म्हणजे सामान्यज्ञानाचे गाइड, समीक्षेतून कायमचा का सुटावा? त्यालाही घाट आहे, परंपरा आहे, त्याची अशी शैली आहे.

परंपरा तर चांगलीच जुनी. 'दर्पण' काढल्यानंतर बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले, ते भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान असल्या गोष्टी मराठीत सांगण्यासाठीच. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गावोगाव वर्गणीदार मिळवत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यातले पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत. हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. 'अ'पासून नोंदी सुरू करण्याआधी केतकरांना पाच खंडांची प्रस्तावना लागली, आणि त्यातल्या पहिल्या खंडाचे नाव 'हिंदुस्थान आणि जग'. आपण जगात कुठे उभे आहोत हे आधी ठरवू, मग सुट्या माहितीकडे वळू, असा तो क्रम आहे. वाईच्या तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. त्यातली कुठलीही नोंद वाचा. नुसते 'काय' सांगून ती थांबत नाही, 'कशामुळे' हेही सांगते.

गाइडाने या परंपरेतून माहिती घेतली आणि 'कशामुळे' गाळले. ज्याला आता स्पर्धा परीक्षेची मुले 'वनलायनर' म्हणतात तो हाच घाट : डावीकडे प्रश्न, मध्ये टिंबांची रांग, उजवीकडे उत्तर. ती टिंबे मला फार बोलकी वाटतात. सगळी हकीकत तिथेच गाडलेली असते.

ऑस्ट्रेलियाचेच घ्या. 'ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती?' हा प्रश्न सापळा म्हणून लाडका आहे, कारण निम्मे लोक सिडनी म्हणतात. उत्तर कॅनबेरा. गुण मिळाले, विषय संपला. पण सिडनी का नाही? कारण मेलबर्नला ते सोसणारे नव्हते, आणि मेलबर्न सिडनीला. शेवटी राज्यघटनेत लिहून टाकले की राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच होईल, पण सिडनीपासून निदान शंभर मैल लांब. तोवर संसद मेलबर्नला बसेल. ती १९२७पर्यंत तिथेच बसली. दोन जावांच्या भांडणात घर तिसऱ्याच आळीत बांधावे तसा हा प्रकार. नव्या शहराच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली वॉल्टर बर्ली ग्रिफिन या अमेरिकन वास्तुरचनाकाराने. हा ग्रिफिन आयुष्याच्या शेवटी हिंदुस्थानात कामासाठी आला, १९३७ साली लखनौला वारला आणि त्याचे दफनही तिथेच झाले. कॅनबेराची आखणी करणारा माणूस लखनौच्या मातीत आहे, हे मला कळले त्या दिवशी मी घरात दोन-तीन जणांना थांबवून सांगितले. त्यांना विशेष काही वाटले नाही, ते सोडा.

आता कोणी म्हणेल, ही ग्रिफिनची गोष्ट म्हणजे निव्वळ फुटकळ माहिती, इंग्रजीत जिला 'ट्रिव्हिया' म्हणतात ती. खरे आहे. पण त्या शब्दाचे मूळ पाहा. लॅटिनमध्ये 'त्रिव्हिउम' म्हणजे जिथे तीन वाटा एकत्र येतात ती जागा. आपल्या कोकणात आणि गोव्यात तिला तिठा म्हणतात. मध्ययुगातल्या युरोपीय विद्यापीठांनी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन विषयांनाही तेच नाव दिले होते. तिठ्यावर कोण भेटेल याचा नेम नसतो. तिथले बोलणे हलके, कोणाचेही, जाता जाता केलेले. म्हणून 'क्षुल्लक' हा अर्थ चिकटला. पण तिठ्याला तीन वाटा असतात, हे विसरून कसे चालेल? ग्रिफिन ही माहिती मला मोलाची वाटते ती त्यासाठी. एक वाट ऑस्ट्रेलियाच्या घटनेकडे जाते, एक शिकागोच्या वास्तुकलेकडे, एक लखनौकडे. जिच्यातून पुढे कुठेच जाता येत नाही ती माहिती क्षुल्लक, मग ती कितीही मोठ्या देशाच्या राजधानीची असो.

इथे उलट बाजूही मांडली पाहिजे, कारण 'पाठांतराने काय होते?' असे म्हणणे अलीकडे फार सोपे झाले आहे. १९८७ साली ई. डी. हर्श या अमेरिकन प्राध्यापकाने सांस्कृतिक साक्षरतेवर एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या शेवटी सुमारे पाच हजार नावांची, सनांची, शब्दप्रयोगांची यादी जोडली : सुशिक्षित अमेरिकन माणसाला एवढे ठाऊक असावे. त्यावर गदारोळ झाला. यादी कोणाची, गोऱ्या पुरुषांचीच का, हे प्रश्न रास्त होते. पण यादी बाजूला ठेवली तर हर्शचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. तो सांगतो, वाचता येणे म्हणजे अक्षरे जुळवणे नव्हे. लेखक जे गृहीत धरून पुढे जातो ते वाचणाऱ्याकडे आधीच असावे लागते. 'निवडणुकीत पक्षाचे पानिपत झाले' हे वाक्य ज्याला १७६१ ठाऊक नाही त्याला कसे उलगडणार? 'मतदारांनी त्यांना कात्रजचा घाट दाखवला' हे तर शब्दकोश घेऊन बसला तरी कळायचे नाही. तेव्हा पाठांतर नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. पाढे पाठ हवेत, सनावळी थोडी हवी, राजधान्याही हव्यात. माझी तक्रार आहे ती पाठ केलेल्या गोष्टीला निकालाचा दर्जा देण्याबद्दल.

तो दर्जा मिळाला की काय होते, याची एक मासलेवाईक हकीकत आहे. फ्रेड वर्थ या अमेरिकन लेखकाने फुटकळ माहितीचे कोश काढले होते. कोणी उचलेगिरी केली तर पकडता यावे म्हणून त्याने एक खोटी नोंद पेरून ठेवली : दूरचित्रवाणीवरचा गुप्तहेर कोलंबो याचे पहिले नाव फिलिप. मालिकेत हे नाव कुठेच नव्हते. पुढे 'ट्रिव्हियल परस्यूट' हा खेळ घरोघर पोचला आणि त्याच्या एका कार्डावर नेमके हे उत्तर निघाले. वर्थने १९८४ साली तीस कोटी डॉलरचा दावा लावला. खेळ बनवणाऱ्यांनी त्याचे पुस्तक वापरल्याचे मान्य केले; मात्र इतरही पुस्तके वापरली होती आणि तथ्यावर मालकी कोणाचीच नसते, असे ते म्हणाले. वर्थ हरला. कायद्याने बरोबरच झाले. पण गंमत अशी की ज्या नोंदीवरून सारे प्रकरण उभे राहिले ते मुळात तथ्यच नव्हते.

आपल्याकडे नोंदी कोणी मुद्दाम पेरत नाही. त्या आपोआप उगवतात. 'भारताची राष्ट्रभाषा : हिंदी' हे मी लहानपणी पाठ केले. घटनेचे ३४३वे कलम हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणते. राष्ट्रभाषा असा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. 'राष्ट्रीय खेळ : हॉकी' हेही तसेच. २०१२ साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारले तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवले की कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. ती मुलगीही लखनौचीच. तोवर लाखो मुलांनी या उत्तरावर गुण मिळवले असतील, आणि ज्यांनी 'असा खेळ नाही' असे लिहिले असेल त्यांचे गुण गेले असतील.

राजधान्यांच्या बाबतीत तर गाइड जुने होते आणि पुन्हा नवेही होते. कझाकस्तानची राजधानी १९९७ साली अल्माटीहून उत्तरेला अकमोलाला नेली. पुढल्या वर्षी त्या शहराचे नाव अस्ताना झाले, २०१९ साली नूर-सुलतान आणि २०२२ साली पुन्हा अस्ताना. म्हणजे २०१८ सालचे गाइड २०२० साली चुकीचे ठरले आणि आज पुन्हा बरोबर आहे! रद्दीवाल्याला देण्यापूर्वी थोडा दम धरावा, असे वाटायला लावणारी ही गोष्ट आहे.

मग चांगले सामान्यज्ञान कशाला म्हणावे? उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. लोकसेवा आयोगाची परीक्षा झाली की आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो आणि उमेदवारांकडून हरकती मागवतो. हरकत नुसती घेऊन भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. मग अंतिम तालिका येते. काही उत्तरे बदललेली असतात, काही प्रश्न रद्द झालेले असतात. या मुलांच्या धकाधकीबद्दल, त्यांच्या वाया जाणाऱ्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या हरकतींच्या दिवसांत अभ्यासिकेत जे चालते ते क्वचितच कोणी नोंदवले असेल. एका गुणासाठी का होईना, मुले मूळ ग्रंथ शोधतात, अधिनियम वाचतात, दोन पुस्तकांत फरक का आहे यावर चहा निवेपर्यंत वाद घालतात. पाठ केलेली ओळ त्या दिवसांत पहिल्यांदा ज्ञान होते. उत्तर येणे ही अर्धी गोष्ट. प्रश्नावर हरकत घेता येणे ही उरलेली. माझ्या स्पर्धेतल्या मुलीने तेच केले होते, फक्त अर्ज न भरता.

त्यानंतर दोन वर्षांनी ती स्पर्धा पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा मी एक नियम घातला : उत्तर दिल्यावर कोणत्याही संघाला प्रश्नावर हरकत घेता येईल, कारण सांगावे लागेल. आयोजकांना तो पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते, कार्यक्रम दीड तास लांबला आणि प्रमुख पाहुणे निघून गेले. बहुतेक हरकती टाकाऊ होत्या. पोरे ती, हरल्यावर काहीही सांगत होती. एक मात्र लक्षात राहिली. प्रश्न होता महाराष्ट्राच्या उपराजधानीचा. संघाने 'नागपूर' सांगितले, मी गुण दिले. दुसऱ्या संघातला एक मुलगा उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की नागपूर आधी पुऱ्या राजधानीचे शहर होते : मध्य प्रांताचे, आणि १९५६पर्यंत मध्य प्रदेशाचेही. भोपाळला राजधानी गेली आणि विदर्भ इकडे आला. १९५३च्या नागपूर करारात ठरले की सरकार दरवर्षी काही काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे होईल. इतके सगळे त्याने एका दमात सांगितले. मी विचारले, "मग उत्तर बरोबरच आहे की. हरकत कशावर?"

"सर," तो म्हणाला, "अधिवेशन संपून सगळे मुंबईला परत गेले की उरलेले महिने ती काय असते?"

सभागृहात हशा झाला. गुणलेखकाने माझ्याकडे पाहिले. मी हरकत नोंदवून घ्यायला सांगितली.