विद्यार्थिगळतीची उपपत्ती : टिंटो यांच्या मांडणीचे परीक्षण

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात दाखल झालेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत का येतो, अथवा का येत नाही, ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रामुख्याने अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्या विचारावर व्हिन्सेन्ट टिंटो ह्या अभ्यासकाच्या मांडणीइतका प्रभाव क्वचितच दुसऱ्या कोणत्या मांडणीचा पडला असेल. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निबंधात तिची रूपरेषा आली, १९८७ च्या ‘लीव्हिंग कॉलेज’ ह्या ग्रंथात ती विस्ताराने सिद्ध झाली आणि १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथकाराने तीत महत्त्वाचे फेरफार केले. ह्या उपपत्तीचे मोल निर्विवाद आहे. तथापि तिच्या मुळाशी असलेल्या एका गृहीताची परीक्षा होणे अवश्य आहे. कारण दोष कोणाचा आणि उपाय कोणी करावयाचा, हे त्या गृहीतावरूनच ठरत जाते.

टिंटो यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : विद्यार्थी आपली कौटुंबिक पार्श्वभूमी, पूर्वशिक्षण आणि काही एक उद्दिष्ट घेऊन संस्थेत येतो. तेथे वर्गातील व वर्गाबाहेरील अनुभवांतून तो तिच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनाशी कमीअधिक प्रमाणात एकरूप होतो. ही एकरूपता वाढली म्हणजे पदवीविषयीची व संस्थेविषयीची त्याची निष्ठा दृढ होते आणि तो टिकतो. ती न साधल्यास तो निघून जातो. समाजाशी असलेले बंध सैल झाल्याने मनुष्य आत्मनाशाकडे वळतो, हा द्युरकेम यांचा १८९७ चा सिद्धांत ह्या विचारामागे उभा आहे. विल्यम स्पेडी यांनी १९७० साली तो विद्यार्थ्यांना लावून दाखविला होता. त्याला टिंटो यांनी पुढे व्हान गेनेप यांच्या १९०९ च्या संक्रमणविधींच्या विवेचनाची जोड दिली. जुन्या समूहापासून विलगता, मधली संक्रमणावस्था आणि नव्या समूहात समावेश, ह्या तीन पायऱ्या नवागत विद्यार्थ्यालाही ओलांडाव्या लागतात, असे त्यांचे म्हणणे.

ह्या मांडणीचे पहिले श्रेय हे की, तिने दृष्टी विद्यार्थ्याच्या उणिवांवरून हलवून विद्यार्थी व संस्था यांच्या संबंधावर आणली. तत्पूर्वी बुद्धीचा तोकडेपणा, चिकाटीचा अभाव, स्वभावाची अस्थिरता अशा कारणांची यादी करून अभ्यासक समाधान मानीत. मराठीत ह्या घटनेला ‘गळती’ हा शब्द रूढ आहे आणि तो एका अर्थी अधिक न्याय्य आहे. गळती लागते ती भांड्याला, पाण्याला नव्हे. टिंटो यांनी भांडे तपासावयास शिकविले. प्रथम वर्षाचे, त्यातही त्याच्या आरंभीच्या काही महिन्यांचे, निर्णायक महत्त्व त्यांनी दाखविले. शिवाय सोडून जाणाऱ्यांपैकी गुणांअभावी संस्थेने काढून टाकलेल्यांचा भाग लहानच असतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

परंतु विलगतेची जी पहिली पायरी त्यांनी कल्पिली, तीच वादग्रस्त आहे. विल्यम टियर्नी यांनी १९९२ साली घेतलेला आक्षेप मूलगामी आहे. संक्रमणविधी हे एकाच संस्कृतीच्या अंतर्गत घडतात. मुलगा प्रौढ होतो, पण तो आपल्याच समाजात प्रौढ होतो. तो विधी स्वीकारावा की टाळावा हा त्याच्या निवडीचा प्रश्न नसतो आणि त्यात नापास होण्याची कल्पनाही नसते. अमेरिकेतील मूलनिवासी समाजाचा विद्यार्थी मात्र दुसऱ्याच संस्कृतीने उभारलेल्या संस्थेत येतो. त्याने आपल्या समूहापासून विलग व्हावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून आत्मलोपाची किंमत मागणे होय. ती किंमत न देणारा विद्यार्थी ह्या उपपत्तीत ‘एकरूप न झालेला’ ठरतो आणि जो दोष संस्थेकडे वळविला होता, तो मागील दाराने पुन्हा विद्यार्थ्याकडे येतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातून निघतो. मूळ मांडणीसमोर वसतिगृहात राहणारा, पूर्ण वेळ शिकणारा तरुण आहे. बीन व मेट्झनर यांनी १९८५ साली घरून येजा करणाऱ्या, वयाने मोठ्या व अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार केला. त्यांच्या मते अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत पैसा, नोकरीचे तास, कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि बाहेरून मिळणारे उत्तेजन हे घटक संस्थेतील सामाजिक जीवनाहून अधिक वजनदार ठरतात. टिंटो यांनी दुसऱ्या आवृत्तीत आर्थिक परिस्थिती व बाह्य समूह यांना जागा दिली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. पण घर व कामधंदा तेथेही ‘बाह्य’च राहिले, परतण्याचा निर्णय बहुधा घरातच होतो, ही गोष्ट मांडणीच्या केंद्राशी पोहोचली नाही.

न्यू यॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत सुरू केलेली योजना ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तीत पूर्ण वेळ शिकण्याच्या अटीवर शुल्कातील तूट भरून दिली जाते, प्रवासाचा पास व पुस्तकांसाठी साहाय्य मिळते आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार त्यांना नियमाने भेटतो. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गट पाडून केलेल्या चाचणीत तीन वर्षांत पदविका मिळविणाऱ्यांचे प्रमाण योजनेतील गटात ४० टक्के, तर इतरांत २२ टक्के आढळले. कोणत्या एका घटकाचा वाटा किती, हे ह्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. सल्लागाराची भेट टिंटो यांच्याच बाजूने साक्ष देते. परंतु पासाचे पैसे विद्यार्थ्याला घरापासून तोडीत नाहीत. घरून रोज येणे शक्य करतात.

हीच गोष्ट महाराष्ट्राच्या अनुभवातूनही दिसते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. खेड्यातला मुलगा शहरात शिकावयास आला, तो आपल्या समाजाचा हात धरूनच आला. जातवार व्यवस्थेची मर्यादा उघड होती. भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. तेथेही मुलाचे श्रमाचे जगणे त्याज्य ठरले नाही. ते शिक्षणाचाच भाग झाले. विलगतेवाचूनही समावेश होऊ शकतो, हे ह्या दोन्ही प्रयत्नांनी आपापल्या परीने दाखविले.

आज ह्या प्रश्नाला नवी धार आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची व पुढे परत येण्याची वाट मोकळी केली. सोडून जाणारा प्रत्येक विद्यार्थी अपयशी नव्हे, हे टिंटो यांचे म्हणणे येथे मान्य झाले आहे असे वाटेल. परंतु ज्याला हवे तेवढे मिळाले म्हणून जो गेला, आणि शुल्क व एसटीचे भाडे जुळेना म्हणून जो गेला, त्या दोघांच्या हाती प्रमाणपत्र एकच पडेल. ह्या दोघांतील भेद जी उपपत्ती करू शकणार नाही, ती संस्थेला तिच्या कर्तव्यातून सोडवील. टिंटो यांनी संस्थेवर जबाबदारी टाकली. ती जबाबदारी विद्यार्थ्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेणे हे त्यांच्या पुढच्या अभ्यासकांचे काम आहे.