तळपायाचा नकाशा आणि 'गुण आला'

(औंध येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायावरच्या ठरावीक बिंदूंवर दाब देऊन करायचा उपचार. आपल्याकडे बरेच जण त्याला सरसकट ॲक्युप्रेशर म्हणतात, किंवा नुसतंच 'पॉइंट दाबून घेणं'. खरं तर दोन्हींचं कूळ वेगळं आहे. ॲक्युप्रेशर चीनकडचं आणि रिफ्लेक्सॉलॉजी अमेरिकेतली. पण पाटीवर दोन्ही नावं शेजारीशेजारी असतात आणि पेशंटच्या मनातला प्रश्न एकच असतो: याने मला बरं वाटेल का, आणि मी बरा होईन का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

औंधात हे बोलायला एक कारण आहे. या गावाने तब्येतीचा एक उपाय जगाला सांगितलेला आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली लंडनच्या डेंट प्रकाशनाने त्यांचं 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक काढलं. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं होतं. त्याच १९३८ साली अमेरिकेत युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंचं 'स्टोरीज द फीट कॅन टेल' बाजारात आलं. आजच्या रिफ्लेक्सॉलॉजीचा पाया या पुस्तकात आहे. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

आधी इंगहॅमबाईंचं बघू. त्यांच्याही आधी विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले, उजवीकडे पाच आणि डावीकडे पाच. एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागेची वेदना कमी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९१७ चं. इंगहॅमबाईंनी हे सगळं पायावर आणलं. अंगठ्यात डोकं, उजव्या पायात यकृत, डाव्यात हृदय, मधल्या खोलगट भागात मूत्रपिंड. दवाखान्याच्या भिंतीवर दिसणारा रंगीत तक्ता तो हाच. 'पाच हजार वर्षांचं प्राचीन शास्त्र' असं त्याखाली लिहिलेलं असतं. पुरावा म्हणून इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या एका थडग्यातलं चित्र दाखवतात. त्या चित्रात माणसं हात-पाय हाताळताना दिसतात, हे खरं. पण पायावर कुठला नकाशा त्यात नाही. नकाशा विसाव्या शतकातला आहे.

आता, नवं म्हणजे खोटं असं काही नाही. म्हणून नकाशा तपासायचा. तळपायाच्या नसा घोट्यामागून वर जाऊन मज्जारज्जूला मिळतात. तळव्याच्या अमुक बिंदूपासून मूत्रपिंडापर्यंत जाणारी वेगळी वाट शरीररचनेत सापडत नाही. बरं, वाट ठाऊक नसेल, पण नकाशा तरी बरोबर निघतो का? २००० साली ब्रिटनमध्ये याची परीक्षा घेतली गेली. सहा ठरावीक आजारांपैकी एक किंवा अधिक असलेली अठरा माणसं, आणि दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्ट. कुणाला काय आजार आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं, फक्त पाय बघून ओळखायचं होतं. त्यांना ओळखता आलं नाही, आणि दोघांचं आपसातही जुळलं नाही. परीक्षा लहान होती, मान्य. पण पाय दाबत दाबत कुणी तुम्हाला 'तुमचं थायरॉइड बिघडलंय' म्हणालं, तर हे ध्यानात ठेवा. तिथे दुखणं म्हणजे तिथे दुखणं. चपलेने, टाचेच्या भेगेने, दिवसभर उभं राहिल्यानेही दुखतं.

तक्त्याची दुसरी गंमत म्हणजे 'विष बाहेर काढणं'. कातडीखाली बोटाला दाणे लागतात, ते म्हणजे साठलेलं विष, असं सांगतात. काही ठिकाणी मिठाच्या पाण्यात पाय बुडवून मशीन लावतात. पाणी तपकिरी होतं आणि पेशंट चकित होतो. पण मंडळी, पाय न बुडवता मशीन लावलं तरी पाणी तपकिरीच होतं, कारण आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. आपल्याकडच्या काशाच्या वाटीचंही तेच. तूप लावून तळवे घासले की तूप काळं पडतं आणि आजी म्हणते, 'बघ, उष्णता निघाली.' ते काळं वाटीच्या धातूचं असतं. पण आजीने वाटी घासली की पोराला झोप लागते, हेही तितकंच खरं आहे. आता त्या झोपेविषयी बोलू.

नकाशा चुकीचा असला तरी हात खोटा नसतो. अर्धा तास कुणीतरी शांतपणे, मन लावून तुमचे पाय दाबतं, तुमची विचारपूस करतं. स्नायू सैल होतात, जीव शांत होतो, डोळा लागतो. मोजमाप काय सांगतं? एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली अशा अठरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. कुठल्याही आजारावर हा उपचार परिणामकारक आहे हे खात्रीने दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या बाजूचंही सांगतो. २०१२ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातल्या ३८५ बायकांवर चाचणी झाली. एका गटाला रिफ्लेक्सॉलॉजी, दुसऱ्याला साधं पाय चोळणं, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप कमी झाली, रोजची हालचाल थोडी सुधारली. वेदना आणि मळमळ यांत फरक पडला नाही. साधं पाय चोळलेल्या गटात थकवा कमी झाला. आणि महत्त्वाचं म्हणजे, या बायकांचे मूळ उपचार चालूच होते. पाय दाबणं हे त्या उपचारांच्या सोबतीला होतं.

मग माणसं 'गुण आला' म्हणतात ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. आपला हा शब्द फार चांगला आहे, पण तो दोन कामं करतो. पाठ मोकळी वाटली तरी गुण आला, आणि खडा पडून गेला तरी गुण आला. पहिला गुण पेशंटच सांगू शकतो, दुसरा सोनोग्राफीत दिसावा लागतो. शिवाय सर्दी, कंबरदुखी, डोकेदुखी ही दुखणी चढतात आणि उतरतातही. माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी चढलेलं असताना. त्यानंतर येणारा उतार ज्याच्या-त्याच्या खात्यावर जमा होतो.

औंधच्या पुस्तकातही हेच आहे, बरं का. राजेसाहेबांचा मुख्य पुरावा स्वतःचा आणि कुटुंबाचा अनुभव. नमस्काराने सगळी तब्येत सुधारते, हा त्यांचा दावा मोजून सिद्ध केलेला नव्हता. तरी नमस्कार आजही टिकून आहेत, कारण दावा बाजूला काढला तरी खाली व्यायाम उरतो आणि तो माणसाला स्वतः करावा लागतो. रिफ्लेक्सॉलॉजीचा दावा बाजूला काढला तर खाली मालिश उरते. तीही चांगलीच गोष्ट आहे. फक्त तिची किंमत मालिशीइतकीच द्यावी, पैशाने आणि विश्वासानेही.

शासनाची भूमिकाही ऐकून ठेवा. २००३ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने पर्यायी पद्धतींवर समितीचा निर्णय कळवला. ॲक्युपंक्चर आणि संमोहन यांना उपचाराचा एक प्रकार म्हणून परवानगी मिळाली. रिफ्लेक्सॉलॉजीला वैद्यकपद्धती म्हणून मान्यता मिळाली नाही. म्हणजे भिंतीवरचं प्रमाणपत्र कितीही मोठं असलं, तरी ते डॉक्टरकीचं नाही.

आता धोका. पाय दाबून कुणी सहसा मरत नाही, म्हणून 'करून बघायला काय हरकत?' असं आपण म्हणतो. हरकत दोन ठिकाणी आहे. एक, मधुमेहाचा पेशंट. त्याच्या तळव्याची संवेदना गेलेली असू शकते. लाकडी काडी जोरात रुतली तरी त्याला कळत नाही, जखम होते, चिघळते, आणि गोष्ट बोट किंवा पाय काढण्यापर्यंत जाते. पोटरीत रक्ताची गुठळी असेल, पायाला सूज किंवा जखम असेल, त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. दोन, वेळ. छातीत दुखतंय, वजन उतरतंय, गाठ लागतेय, आणि माणूस दहा सेशनचं पॅकेज संपायची वाट बघतोय. खेड्यात तर शहरातल्या तपासणीला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. जवळचा, प्रेमाने बोलणारा माणूस तेव्हा सोयीचा वाटतो. त्या पेशंटला मी हसणार नाही. पण पाय दाबणाऱ्याने त्याची गोळी बंद करायला सांगितली, तर त्याला मी माफ करणार नाही.

तेव्हा जाणार असाल तर असं करा. आराम, झोप, थकवा यांसाठी जा. पाय तपासून रोग सांगितला तर ऐकून सोडून द्या, आणि शंका वाटलीच तर तपासणी करून घ्या. चालू औषध स्वतःहून थांबवू नका. पैसे एका वेळचे द्या, पॅकेज घेऊ नका. आणि पहिल्याच दिवशी विचारा: 'किती दिवसांत फरक पडेल, आणि नाही पडला तर तुम्ही काय म्हणाल?' 'मग डॉक्टरांना दाखवा' असं उत्तर आलं, तर तो माणूस प्रामाणिक आहे. 'त्रास वाढला म्हणजे विष बाहेर पडतंय' असं उत्तर आलं, तर चपला घाला आणि घरी या. घरी कुणाकडून तरी पाय दाबून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे तुम्ही दाबा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.