वाघाचे दूध

मासळी चुलीवर न चढवता लिंबाच्या रसात घालून खातात, हे ऐकून आमच्या घरात जो हलकल्लोळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. आम्ही रत्नागिरीकडचे. सुरमई तव्यावर चरचरल्याखेरीज ती झाली असे मानीत नाही. त्यामुळे न्यू जर्सीत मुलीकडे गेलो असता जावईबापूंनी मला पॅटरसन गावी नेऊन पेरू देशातल्या माणसांच्या एका खाण्याच्या गाडीपुढे उभे केले, तेव्हा मी परीक्षकाच्या आविर्भावातच उभा होतो, हे कबूल करतो.

पॅटरसन हे एके काळी रेशमाच्या गिरण्यांचे गाव. गिरण्या गेल्या, पेरूची माणसे मात्र इतकी वसली की २०१६ साली तिथल्या एका भागाला पेरूचेच नाव मिळाले. गाडीत एक प्रौढ बाई आणि तिचा मुलगा, एवढाच कारभार. जावईबापूंनी इंग्रजीत 'सेविचे' मागितले. पुढ्यात आले ते आंब्याच्या फोडी घातलेले, मिरचीचा मागमूस नसलेले, गोडसर असे काहीतरी. वाईट नव्हते, पण त्याला स्वतःचे म्हणणेच नव्हते. तेवढ्यात शेजारच्या बाकावरल्या एका कामगाराच्या ताटलीकडे लक्ष गेले. तिचा रंग निराळा, वास निराळा. म्हणजे गाडी एक आणि पाककृती दोन! एक घरच्यांसाठी, दुसरी परक्यांसाठी.

मला याचा राग आला, त्याला जुने कारण आहे. माझ्या एका कादंबरीतला उतारा पुस्तकात घेताना संपादकांनी त्यातली बोली काढून टाकली होती. का, तर 'मुलांना जड जाईल'. माझी म्हातारी कुळवाडीण पुण्याच्या बाईसारखी बोलू लागली. मुलांनी तो धडा पाठ केला आणि विसरूनही गेली. मी उठलो, कामगाराच्या ताटलीकडे बोट केले आणि म्हटले, "मला ते द्या." मुलगा आईकडे बघून हसला.

मग खरे काम सुरू झाले. पांढऱ्या मासळीचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे, त्यांना मीठ, वर उभा चिरलेला लाल कांदा, बारीक मिरची आणि ऐन वेळी पिळलेले लिंबू. पाचएक मिनिटांत काचेसारखे तुकडे दुधट झाले. आम्लाने मासळीतली प्रथिने आचेवर गोठतात तशीच गोठतात. पूर्वी मासळी कितीतरी वेळ अशी मुरवीत. ती मिनिटांवर आणण्यात पेरूत स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या आचाऱ्यांचा मोठा हात आहे. मात्र आच जंतू मारते तसे लिंबू मारीत नाही. १९९१ साली पेरूत पटकीची साथ आली, तीन लाखांवर माणसांना लागण झाली, आणि लोकांनी या पदार्थाचा धसकाच घेतला. शेवटी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी चारचौघांत सेविचे खाऊन दाखवले! २०२३ साली युनेस्कोने ते करण्या-खाण्याच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, यावरून प्रकरण निभावले म्हणायचे.

ताटलीत एका अंगाला उकडलेले रताळे होते. एकादशीचे रताळे मासळीच्या मांडीला मांडी लावून बसलेले पाहून मी क्षणभर दचकलो. पण त्याची जागा अगदी चोख. आंबट-तिखटाने जीभ हैराण झाली की त्याचा एक घास घ्यावा, आणि पुन्हा लढाईला निघावे. आंब्याला जे साधले नाही ते याने साधले, कारण त्याची गोडी बाजूला बसते, रसात मिसळत नाही. शेजारी टपोऱ्या दाण्यांचा पांढरा मका आणि खारवलेले, भाजके मक्याचे दाणे. मासळी मऊ, कांदा करकरीत, दाणा कडक. दातांना इतकी कामे एका घासात क्वचितच मिळतात.

दोष एकच, आणि तो बाईंचा नव्हे. तिकडच्या बाजारात मिळते ते मोठे, बिनबियांचे, जाड सालीचे लिंबू. त्याला आंबटपणा आहे, पण धार नाही. पेरूत वापरतात ते लिंबू लहान, पातळ सालीचे, म्हणजे आपले कागदी लिंबूच. ते मूळचे आशियातले. स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. तिकडची मिरची आणि रताळे आपल्याकडे आले. मिरची पोर्तुगीजांनी आणली, आणि आता ती परकी म्हटलेली आपल्याला खपायची नाही. मी खिशातल्या कागदावर आपल्या लिंबाचे चित्र काढून दाखवले. बाईंनी ते ओळखले आणि असा सुस्कारा टाकला की भाषांतराची गरजच पडली नाही.

खाली उरलेला रस त्यांनी पेल्यात ओतून दिला. त्याला तिकडे 'वाघाचे दूध' म्हणतात. आपण इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणत आलो. वाघाचे दूध हा व्याकरणाचा मामला मी पेरूच्या मास्तरांवर सोडतो. एका घोटात कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आले, आणि मी पेला पुन्हा पुढे केला.

घरी येऊन सौभाग्यवतींना सारे यथासांग वर्णन करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळं खरं हो, पण शिजवली कधी?"