‘माणसं जोडा’ : अर्धंच वाचलेलं संशोधन

‘माणसं जोडा, म्हातारपण सुखाचं जाईल.’ हार्वर्डच्या प्रौढ-विकास अभ्यासाचं हे सार मी एका ज्येष्ठ नागरिक संघात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. भाषणानंतर मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “त्यात बायका किती होत्या हो?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं पुन्हा उघडली.

मुळात एकही नव्हती. १९३८ साली सुरू झालेल्या या अभ्यासात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी होते. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं त्याला जोडली गेली. सगळे पुरुष, सगळे गोरे. त्यांच्या बायका-मुलांचा समावेश फार नंतर झाला.

रॉबर्ट वॉल्डिंगर आणि मार्क शुल्झ यांचं ‘द गुड लाइफ’ (२०२३) नात्यांवर भर देतं. पन्नाशीत नात्यांत समाधानी असलेले ऐंशीत अधिक निरोगी होते, हे निरीक्षण मोलाचं आहे. पण प्रकृती धड असेल त्यालाच नाती राखणं सोपं जातं, ही उलट शक्यताही उरते.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. तीन दशकांहून अधिक काळ हा अभ्यास सांभाळणाऱ्या जॉर्ज व्हेलंट यांच्या ‘एजिंग वेल’मध्ये (२००२) एक नोंद आहे. वस्तीतल्या पुरुषांची सत्तरीतली प्रकृती हार्वर्डवाल्यांच्या ऐंशीतल्या प्रकृतीइतकी खालावलेली होती. परंतु त्याच वस्तीतले जे मोजके पदवीपर्यंत शिकले, ते मिळकत आणि हुद्दा कमी असूनही सत्तरीत हार्वर्डवाल्यांइतकेच ठणठणीत होते. संख्या लहान, म्हणून निष्कर्ष जपून काढावा. तरी व्याख्यानांतून, माझ्याही, नेमकी हीच नोंद गळते. माणसं जोडण्याचा सल्ला फुकट देता येतो. शिक्षणाला शाळा, पैसा आणि सरकारी धोरण लागतं.

आजींच्या प्रश्नासाठी आपल्याकडचे आकडेही पाहायला हवेत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या ‘लासी’ पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ७२ हजारांहून अधिक लोक होते आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका. मात्र ही पाहणी पंचेचाळिशीपासून सुरू होते. बालपण तिला लोकांच्या आठवणींतूनच कळतं.

त्या आजींना भावंडं सांभाळायला चौथीतून शाळा सोडावी लागली होती. माणसं त्यांनी जन्मभर जोडली. गुडघे पन्नाशीतच गेले. पुढच्या वेळी त्या संघात व्हेलंटची नोंद मी आधी सांगेन, नात्यांचं नंतर.