आपत्काळातील समिती-बैठक : संसदीय समितीच्या १०३व्या अहवालाची चिकित्सा

संसदीय लोकशाहीत शासनव्यवहाराची बारकाईने छाननी सभागृहापेक्षा समित्यांमध्ये अधिक होते. त्यामुळे आपत्काळात समिती बसू शकते की नाही, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. या दृष्टीने कायदा व न्यायविषयक संसदीय स्थायी समितीने भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२० मध्ये सादर केलेला आभासी न्यायालयांवरील अहवाल लक्षणीय ठरतो.

जेथे पक्षकारांची प्रत्यक्ष उपस्थिती अनिवार्य नाही, तेथे दूरदृश्य सुनावणी कोरोनोत्तर काळातही चालू ठेवावी, असा या अहवालाचा रोख आहे. साधने, इंटरनेट-जोडणी आणि कौशल्य यांतील विषमतेची दखलही त्यात घेतली आहे. तथापि, न्यायालयांना लावलेला हा निकष संसदीय समित्यांना लावला गेला नाही. सदस्यांनी २०२० मध्ये आभासी बैठकांची मागणी केली असता गोपनीयतेचे कारण पुढे आले. लोकसभेच्या नियम २६६ व २६७ नुसार समितीची बैठक खाजगी व संसदभवनाच्या आवारात व्हावी लागते. याउलट ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २४ मार्च २०२० रोजीच आपल्या सिलेक्ट कमिट्यांना दूरस्थ सहभागाची मुभा दिली.

गोपनीयतेचा आक्षेप निराधार नाही. मसुद्यावर चर्चा करताना सदस्य पक्षाभिनिवेश बाजूला ठेवू शकतात, ते बंद दारामुळेच. परंतु साक्ष नोंदविणे आणि मसुद्यावर विचारविनिमय करणे ही भिन्न कार्ये आहेत. पहिल्यासाठी दूरस्थ सहभाग स्वीकारून दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह धरता आला असता.

अंबरनाथ परिसरातील पालेगावहून पाहता हे अधिक स्पष्ट होते. मार्च २०२० मध्ये उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हा येथील नागरिकाला मुंबईचे विधानभवनही दिल्लीइतकेच दूर झाले. मात्र तंत्रज्ञानाची मर्यादाही येथेच दिसून येते. जुलै २०२० मध्ये राज्य शासनाने नागरी स्वराज्य संस्थांना दूरदृश्य सभांची वाट मोकळी करून दिली. परंतु २०१५ मध्ये निवडून आलेल्या अंबरनाथ नगरपरिषदेची मुदत तत्पूर्वीच संपली होती. पुढील निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. तोवर कारभार प्रशासकाकडे राहिला. सभेची सोय होती, सदस्य नव्हते.

सारांश, अहवालाचा निकष स्वागतार्ह असला तरी तो समितीने स्वतःच्या कामकाजालाही लावून पाहावयास हवा होता. सदस्याने कोठून बोलावे हे ठरविण्याआधी तो सदस्य अस्तित्वात राहील, याची हमी देणे मात्र त्याहूनही अगत्याचे आहे.