‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ : कबुली, फाशी आणि प्रायश्चित्त

येरवडा कारागृहात 27 नोव्हेंबर 1983 रोजी चार तरुणांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन अनेक वाचकांच्या परिचयाचे आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु अपराध्यानेच आपला अपराध शीर्षकात मांडून लिहिलेले पुस्तक विरळाच. देहदंडाची शिक्षा रद्द व्हावी की राहावी, हा वाद प्रत्येक भीषण गुन्ह्यानंतर नव्याने पेटतो. त्या वादात या पुस्तकाची साक्ष काढणे उपयोगी ठरेल, असे आम्हांस वाटते.

नोकरीनिमित्त सांगवी-पिंपळे गुरव परिसरात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांतील तरुण पिढीला हे प्रकरण कदाचित ठाऊक नसेल. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यातील अभिनव कला महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्यांनी दहा माणसांचे प्राण घेतले. अभ्यंकरांच्या घरातील पाच जण एकाच रात्री मारले गेले; त्यांत संस्कृत व्याकरणाचे वृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. त्या काळी पुणेकर दिवेलागणीनंतर घराबाहेर पडण्यास धजत नसत. पुस्तकाचा विचार करताना ही दहा माणसे क्षणभरही नजरेआड होता कामा नयेत.

आणि नेमकी येथेच या पुस्तकाची मर्यादा आहे. आत्मकथन या वाङ्मयप्रकारात बोलणारा एकच असतो. अपराधी आपल्या मनाची तडफड सांगू शकतो. पण ज्यांचा गळा आवळला गेला, त्यांना बोलता येत नाही. त्यामुळे वाचकाची सहानुभूती नकळत लिहिणाऱ्याकडे झुकते. कबुली कितीही प्रामाणिक असली, तरी तिने मृतांची जागा बळकावू नये, एवढे भान वाचकाने राखावयास हवे. संत ऑगस्टीन यांनी आपले आत्मनिवेदन परमेश्वराला उद्देशून लिहिले. म्हणून त्यात स्वतःची वकिली करण्यास फारसा वाव उरला नाही. मनुष्यवाचकासमोर मांडलेल्या कबुलीला ते संरक्षण नसते.

तरीही या पुस्तकाचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. ‘मी अपराधी आहे’ हे तीन शब्द उच्चारणे किती कठीण असते, हे पापनिवेदनाच्या पेटीत बसणारा प्रत्येक धर्मगुरू जाणतो. मनुष्य परिस्थितीला दोष देतो, मित्रांना देतो, दारूला देतो. ‘मी’ हा शब्द सर्वांत शेवटी येतो. ज्याने तो शब्द शीर्षकात घातला, तो निदान त्या वाटेला लागला होता.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार प्रायश्चित्त संस्कारात पापी मनुष्याकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात : पश्चात्ताप, पापनिवेदन आणि परिमार्जन. केलेली हानी शक्य तेवढी भरून काढणे, हे तिसरे अंग. मेलेला माणूस परत आणता येत नाही हे खरे; पण उरलेले आयुष्य श्रमात, सेवेत, मृतांचे स्मरण ठेवून घालविणे हेही परिमार्जनच होय. मुनव्वर शहा ख्रिस्ती नव्हता. परंतु हा क्रम मनुष्यस्वभावाला धरून आहे, तो एका धर्मापुरता नाही. या लेखकाने पहिली दोन पावले टाकली. तिसरे पाऊल टाकण्यास लागणारे आयुष्यच शासनाने काढून घेतले. देहदंडाविरुद्धचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. तो अपराध्याला सुटका देतो असे म्हणवत नाही. तो त्याच्यावरील ऋण न फेडताच खाते बंद करतो.

यावर एक जुना आणि वजनदार प्रतिवाद आहे. मरण समोर दिसले की पापी वळतो; आणि तेव्हाही जो वळत नाही, तो पुढे वळेल अशी आशा थोडीच, असे संत थॉमस अ‍ॅक्विनास यांचे म्हणणे. प्रभू येशूच्या उजव्या-डाव्या बाजूस टांगलेल्या दोन अपराध्यांपैकी एकाला अखेरच्या घटकेस सुखलोकाचे वचन मिळाले, हे संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. परंतु ते वचन देणारा स्वतः देहदंड भोगत होता. त्या चोराचे तारण झाले म्हणून पिलाताचा न्याय योग्य ठरत नाही. परमेश्वराची कृपा वधस्तंभावरही पोहोचते, यावरून वधस्तंभ उभारण्याची मुभा मिळत नाही.

ख्रिस्तसभेलाही या निष्कर्षाप्रत येण्यास वेळ लागला. शतकानुशतके तिने शासनाचा हा अधिकार मान्य केला होता. संत योहान पॉल दुसरे यांनी 1995 च्या ‘इव्हॅन्जेलियम विटे’ या परिपत्रकात, अशा शिक्षेची खरीखुरी गरज आता जवळजवळ उरलेली नाही, असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद बदलून ती अस्वीकार्य ठरविली. मनुष्याची प्रतिष्ठा घोर अपराधानंतरही नष्ट होत नाही, हा त्यामागील विचार.

हे सारे मान्य करूनही आमच्या धर्मग्रामातील एखादी आई विचारील, ‘फादर, गहुंज्याचे काय?’ प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर 2007 मध्ये रात्रपाळीसाठी निघालेल्या एका तरुण मुलीवर तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा जीव घेतला. ज्या पवनेकाठी ते गाव, त्याच पवनेकाठी आपण राहतो, आणि आपल्या मुलीही हिंजवडीला रात्रपाळीस जातात. त्या दोघांची फाशी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेचे अर्ज फेटाळले गेले; 24 जून 2019 ही तारीखही ठरली. अखेर अंमलबजावणीतील अक्षम्य विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये फाशीऐवजी पस्तीस वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. सतरा वर्षे त्या मुलीच्या माणसांना एका तारखेची वाट पाहावयास लावली गेली. पस्तीस वर्षांची कैद आरंभीच निश्चित झाली असती, तर समाजाचे रक्षण झालेच असते आणि त्या घराला निदान शांतपणे रडता आले असते. त्या आईवडिलांनी क्षमा करावी, असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमची मागणी शासनाकडे आहे, आणि ती क्षमेची नाही; जीव न घेण्याची आहे.

शेवटी चुकीचा प्रश्न. पुण्यात 1994 साली राठी कुटुंबातील सात जणांची हत्या झाली. त्यात फाशी झालेल्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये मान्य केले आणि त्याची सुटका केली. अठ्ठावीस वर्षे तो तुरुंगात होता. त्याच न्यायालयाने 2000 साली त्याची फाशी कायम केली होती. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी द्यावी, असा 1980 चा दंडक असूनही हे घडले. दोर आधीच ओढला गेला असता, तर 2023 चा न्याय कोणाला दिला असता?

‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे पुस्तक जिज्ञासूंनी अवश्य मिळवून वाचावे. वाचताना त्या दहा मृतांसाठी प्रार्थना करावी, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्यासाठीही. या दोन प्रार्थना एकाच ओठांवर येऊ शकतात, अशी आमची श्रद्धा आहे.